एकही नेटवर्क सापडले नाही

गुरुवार, ७ मार्च

आजचा पाठ बुडाला. बाईंना खुर्चीत नीट बसवलं, पाठीशी उशी लावली, कॉम्प्युटर उघडला आणि बघतो तर काय, कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर लाल फुली. ‘एकही नेटवर्क सापडले नाही.’ सोमवारी याच टेबलावर झकास चाललं होतं. मध्ये कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

लेकीला फोन केला.

“बाबा, बंद करून चालू केलात का?”

“तीनदा.”

“राउटरचे दिवे?”

“सगळे लागलेत. हिरवेगार.”

“शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात का? मागे पानभर यायची.”

“एकाचंही दिसत नाही. सगळी इमारत सोडून गेल्यासारखी.”

“मग कॉम्प्युटरचाच घोळ आहे. दुकानात टाका बाबा, उगाच उघडत बसू नका.”

दुकानात टाका म्हणे! उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर काढला मी. वादळात पडलेल्या लाइनी जोडल्या. आणि हा एवढासा डबा दुकानात टाकू? दुकानदार आठवडाभर ठेवून घेणार आणि वर सांगणार की जुना झाला, नवा घ्या. तोवर आणखी पाठ बुडणार. ते परवडणारं नाही.

कारण पाठ म्हणजे काही छंद नव्हे. बाईंना, म्हणजे माझ्या बायकोला, झटका आला तो हिवाळ्याच्या तोंडावर. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, पेपर वाचतात, माझा हिशोब चुकला तर भुवई वर जाते. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळा मोहल्ला बाई म्हणतो आणि मीही तेच म्हणायला लागलो. पण तोंडातून शब्द निघत नाही. हॉस्पिटलातल्या ताई सोमवारी आणि गुरुवारी कॉम्प्युटरवरून शिकवतात. वाचा-उपचार असं त्या शास्त्राचं नाव आहे, म्हणून मी त्यांना वाचाताई म्हणतो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “काका, शब्द गेलेले नाहीत, त्यांची वाट बुजलीय. पहिल्या काही महिन्यांत जेवढी मोकळी होईल तेवढी होईल.” आणि पाठ बुडत राहिले तर आमची वेळ रांगेतल्या दुसऱ्या पेशंटला जाते. रांग मोठी आहे.

फोनवर जमण्यासारखं नाही. माझा बटणांचा आहे आणि बाईंचा झटक्याच्या दिवशी हातातून पडला तो फुटलाच.

बाई मात्र शांत होत्या. पाठ नाही म्हटल्यावर आपल्या आपण उठल्या आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. बिचारी. मला वाईट वाटू नये म्हणून.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळपासून पिच्छा पुरवला. राउटर बंद केला, चालू केला, मागच्या खाचेत सुई घालून त्याचं डोकं पार कोरं केलं, लेकीला विचारून पासवर्ड पुन्हा घातला. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांच्या फोनवर आमचं नेटवर्क ठणठणीत येतंय. म्हणजे डबा निर्दोष. बिघाड कॉम्प्युटरात.

दुपारी लेकीने फोनवरून एकेक पायरी सांगितली. इथे दाबा, तिथे दाबा, वायफायचं जे काही आत भरलेलं असतं ते काढून टाका, पुन्हा चालू करा. ते आपलं आपण पुन्हा बसतं म्हणे. बसलंही. फुली जागच्या जागी.

“बाबा, आता खरंच दुकानात न्या.”

“बघू,” म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

बाई सोफ्यावरून बघत होत्या. मधूनच त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी लगेच म्हटलं, “चहा? औषध? बाथरूम?” मान हलवली आणि पुन्हा पेपरात शिरल्या. काही विशेष नसावं.

मी आता चंग बांधलाय. सोमवारचा पाठ होणार म्हणजे होणार.

रविवार, १० मार्च

डोकं म्हणतात ते हेच! हवेतून येत नाही ना, मग तारेतून आणू. हे मला गुरुवारीच सुचायला हवं होतं. तारेशिवाय चालणारी गोष्ट तशीही मला कधी पटलेली नाही. हवेचं कोण बघायला जातो?

माळ्यावरची पेटी काढली. केबलचं वेटोळं आहे, प्लग आहेत, दाबायची पक्कड आहे, अगदी तेल घातलेली. कॉम्प्युटरच्या बाजूला तारेची खाच होती, आत धूळ. ब्रशने साफ केली. राउटर बाहेरच्या खोलीत, कपाटामागे. तिथून भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या चौकटीवरून वळसा घालून टेबलापर्यंत केबल आणली. हातभर अंतरावर एकेक खिळा. एकही वळण वाकडं नाही. आमचे साहेब असते तर पाठ थोपटली असती.

प्लग लावला आणि इंटरनेट सुरू! मी बाईंना हाक मारली. “बघ, उद्याचा पाठ पक्का. आता कुणाच्या बापाची टाप नाही अडवायची.”

बाई केबलकडे बघत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या कामाचं असं कौतुक तिने कधी केलं नव्हतं.

सोमवार, ११ मार्च

पाठ झाला. केबलने दगा दिला नाही.

बाईंनी मात्र आज साथ दिली नाही. वाचाताईंनी पडद्यावर छत्रीचं चित्र दाखवलं. बाई बघतायत, ओठ हलतायत, आवाज काही नाही. मी शेजारच्या स्टुलावर असतोच. हळूच म्हटलं, “छ... छ...” तरी नाही. मग म्हटलं, “छत्री. म्हण, छत्री.”

ताई म्हणाल्या, “काका, जरा थांबू या.”

मला वाटलं तिकडे आवाज अडकतोय. म्हणून मोठ्याने सांगितलं, “छत्री!”

पुढचं चित्र चमचा. मग दार. मग घड्याळ. प्रत्येक वेळी मीच जमेल तेवढा हात दिला. घड्याळापर्यंत बाईंनी ओठ हलवणंही सोडून दिलं होतं. खिडकीबाहेर बघत बसल्या.

आमच्या धंद्यात गप्प लाइन म्हणजे मेलेली लाइन. खांबावर चढलेला माणूस खालच्याशी सारखा बोलत असतो. हॅलो, येतंय का, हॅलो, बोला. दोन क्षण आवाज नाही आला तर समजायचं कुठेतरी तुटलंय. ती सवय हाडात गेलीय. बाई गप्प बसल्या की मला लाइन तुटल्यासारखं वाटतं. तिथे काहीतरी भरल्याशिवाय मला राहवत नाही.

शेवटी ताईंनी विचारलं, “काका, पाठाच्या वेळेत तुम्हाला दुसरं काही काम नसतं का हो?”

“ताई, सध्या माझं हेच काम. ना रजा, ना सुट्टी.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “काकूंना वेळ द्यायला हवा.”

अगदी खरं आहे. आजपासून संध्याकाळीही सराव घ्यायचा ठरवलंय. मी चित्रं कापायला बसलो तर बाई आत जाऊन झोपल्या. दमली असेल.

गुरुवार, १४ मार्च

बोंबला. केबल मेली.

पाठाची वेळ झाली आणि पडद्यावर काही नाही. या टोकाचा प्लग घट्ट होता. मग कपाटामागे वाकून बघितलं तर राउटरकडचा प्लग निघून लोंबतोय. त्याचा प्लास्टिकचा खटका मुळापासून मोडलेला. नवा प्लग लावायला पेटी काढेपर्यंत आणि एकेक तार ओळीत बसवेपर्यंत वेळ टळून गेली. प्लग कसा निघाला देव जाणे. घरात आम्ही दोघंच, मी तिकडे फिरकलो नाही आणि बाईंना काठीशिवाय धड वाकता येत नाही. जुना माल. प्लास्टिक वाळून कडक होतं, तसंच झालं असणार.

वाचाताईंचा फोन आला. आवाज गोडच होता पण मुद्दा सरळ होता. “काका, दोन पाठ गेले. सोमवारचाही गेला तर मला वेळ पुढच्या पेशंटला द्यावी लागेल. माझ्या हातात नाही.”

मी म्हटलं, “ताई, सोमवारी मी स्वतः ती लाइन डोक्यावर धरून उभा राहीन.”

फोन ठेवला आणि कपाटाशीच खाली बसलो. सुतळीएवढा धागा उरलाय आणि तोही माझ्या हातून सुटला तर? बाई यापुढे कधीच बोलल्या नाहीत तर? हे वाक्य आजवर मी मनातही पुरं होऊ दिलं नव्हतं. आज कागदावर आलं.

बाईंना सगळं सांगितलं. सोमवार शेवटचा, हेही सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. डाव्या हाताने, घट्ट. कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, “घाबरू नकोस, मी आहे ना शेजारी.” तर हात सोडला.

शनिवार, १६ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

नव्या प्लगवर माझा भरवसा नव्हता. एका लाइनीवर सोमवार सोडायचा नाही, हवेचीही चालू करायचीच, असं ठरवून सकाळी कॉम्प्युटर पालथा घातला. भिंग घेतलं. चारी कडांवरून बोट फिरवत गेलो. काही आत गंजलंय का, सैल झालंय का. आणि पुढच्या कडेला, अगदी खाली, नखाएवढं एक सरकतं बटण लागलं. शेजारी अँटेनाचं बारीक चित्र. नखाने उजवीकडे सरकवलं. निळा दिवा लागला. पडद्यावर नेटवर्कांची रांग! नर्सबाईंचं, समोरच्या इमारतीतल्या बेकरीवाल्याचं, आमचं, सगळ्यांचं. वेड्यासारखा हसलो मी.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, “अय्या, ते बटण! मी साफ विसरले होते. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी आईला दाखवलं होतं की. तुम्ही तेव्हा भिंतीला भोक पाडत होतात.”

“तिला दाखवून काय फायदा? ती सांगणार कशी?”

लेकीने बटणाचं सोडून दिलं. मग म्हणाली, “बाबा, आई कशी आहे? म्हणजे खरंच कशी आहे?”

“उत्तम. सोमवारची वाट बघतेय.”

बटण माझ्याच हातून बंद झालं असणार. टेबल पुसताना फडकं लागलं असेल. एवढ्याशा बटणासाठी घरभर केबल टाकली! असो. पुन्हा तसं होऊ नये म्हणून बटण चालू ठेवून त्यावर काळी चिकटपट्टी मारली, आमची, तारांना गुंडाळायची. ती सहजासहजी निघत नाही.

सोमवार, १८ मार्च

हे नीट लिहायला हवं.

पाठाला अजून वेळ होता. मी अंघोळ करून आलो, बाई टेबलाशी तयार बसलेल्या. आपल्या आपण जाऊन बसल्या म्हणून मला बरं वाटलं. कॉम्प्युटर उघडला. लाल फुली. केबल खाचेत घालावी म्हटलं तर तिचं टोक सापडेना. खाली वाकलो तेव्हा ते बाईंच्या पायाखाली दिसलं. आणि टेबलाच्या कडेखाली माझी काळी पट्टी चिकटवलेली. बटण डावीकडे.

मी बाईंच्या हाताकडे बघितलं. डाव्या अंगठ्याचं नख मोडलेलं होतं.

“तू काढलीस?”

त्यांनी मान हलवली. हो. नजर खाली केली नाही, चुकवली नाही.

“त्या पहिल्या गुरुवारीही तूच? आणि तो प्लग?”

हो. हो.

माझा आवाज चढला. शेजारी ऐकू गेला असेल, जाऊ दे. “का? अगं, इथे मी रात्रंदिवस मरतोय, त्या ताई वाट बघतायत, आणि तू? तुला बरं व्हायचं नाही का?”

त्यांनी तोंड उघडलं. ओठ गोल झाले, मिटले, पुन्हा उघडले.

“दमलीस?” मी म्हटलं.

मान. नाही.

“दुखतंय? भीती वाटते? त्या ताईंसमोर लाज वाटते? अगं त्यांच्यासमोर कसली लाज, त्यांचं कामच ते. मग नको झालंय का सगळं? कंटाळलीस का मला...”

तिने टेबलावर हात आपटला. पेला उडाला. आणि मग तो हात उचलून तिने माझ्या तोंडावर ठेवला. सबंध पंजा, गच्च दाबून. जन्मात या बाईने वात्रट पोराच्याही अंगाला कधी बोट लावलं नव्हतं.

मी गप्प बसलो. दुसरं करणार काय? तिच्या कपाळावरची शीर फुगली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, आत कुठेतरी बघत होती. मला इतके शब्द सुचत होते, सगळे तिच्या पंज्याखाली अडकलेले. पाठाची वेळ झाली, उलटली. तरी हात निघेना. तिचा श्वास मोठ्याने येत होता. मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही.

“बा,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही.

“बाहेर.”

मी डोळे मोठे केले.

“तुम्ही,” ती म्हणाली. “बाहेर.”

आणि माझ्या तोंडावरचा हात काढून, त्याच हाताच्या मोडक्या नखाने ते बटण उजवीकडे सरकवलं. नेटवर्कांची रांग आली. तिने आमचं निवडलं. पाय उचलून केबलही मोकळी केली, पण तिची गरज उरली नव्हती.

मी स्टूल उचललं, बाहेर गेलो, दार ओढून घेतलं. जिन्यात बसलो. कुणी मला घराबाहेर काढलं आणि मी आनंदाने हुंदके देतोय, असं आजवर झालं नव्हतं. नर्सबाई कामावर निघाल्या होत्या, घाबरून म्हणाल्या, “काका, काय झालं? बाई बऱ्या आहेत ना?” मी म्हटलं, “बाई बोलल्या.” “काय बोलल्या?” मी सांगितलं. त्यांना हसावं की काय ते कळेना.

आनंद झाला हे खरं. पण बसल्या बसल्या झोंबलंही. इतके दिवस मी तिला हात देतोय असं समजत होतो आणि ती बिचारी माझ्या हाताखालून निसटायला बघत होती. आजाराला कंटाळली नव्हती. पाठाला कंटाळली नव्हती. चिडलो थोडा. मग चीड उतरली. छत्री, चमचा, दार, घड्याळ, एकही शब्द मी तिच्यासाठी शिल्लक ठेवला नव्हता.

पाठ संपल्यावर ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “काका, वेळ तुमचीच राहील. आणि एक सांगू? पुढच्या वेळीही जिन्यातच बसाल का?”

गुरुवार, २८ मार्च

मधल्या पाठांना बाहेरच होतो. एकदा घात झाला. दाराआडून चमच्याचं ऐकलं आणि राहवलं नाही, बाहेरूनच “चमचा!” म्हणून ओरडलो. आतून काठी दारावर आपटली. तेव्हापासून पाठाच्या वेळी मी सरळ खाली जातो. जिन्यातला दिवा दुरुस्त केला, फाटकाची बिजागरी बसवली. इमारतवाले खूश आहेत.

आज पाठ झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो. ती एका हाताने वाटाणे सोलत होती. शेंग टेबलावर दाबायची, अंगठ्याने फोडायची. मी चहाचं आधण ठेवलं.

“मला,” ती म्हणाली.

आणि थांबली.

मला पाणी, मला चहा, मला शाल, सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. दात आवळले. आधणाकडे बघितलं. ते उकळलं, गॅस बंद केला, येऊन पुन्हा समोर बसलो. ती अजून तिथेच होती. घाई कसलीच नव्हती तिला. घाई मलाच होती. मी हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली.

“रा,” ती म्हणाली. रात्री? राहू दे? मी नुसता बघत राहिलो.

“राग. आला. होता.”

तिने श्वास घेतला.

“तुमचा.”

पूर्ण वाक्य. तिचं स्वतःचं. मी आयुष्यभर अंदाज बांधत बसलो असतो तरी माझ्या तोंडी हे आलं नसतं. चार महिन्यांत आम्ही दोघं पहिल्यांदा बोलत होतो. इतके दिवस मी एकटाच बोलत होतो.

“यायलाच हवा होता,” मी म्हणालो. आणि थांबून विचारलं, “अजून आहे?”

“थोडा,” ती लगेच म्हणाली, आणि उरलेले वाटाणे सोलायला माझ्याकडे सरकवले.